सौर पंपाची अश्वशक्ती सातबाऱ्यावरून नको, बोअरच्या पाण्यावरून ठरवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राज्यात २०२४ पासून सुरू असलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेविषयी, आणि त्यातही बोअरवर बसवल्या जाणाऱ्या पंपांच्या क्षमतेविषयी, काही मुद्दे आपल्या दैनिकातून महावितरण आणि शेतकरी या दोघांसमोर मांडावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरला की सौर प्लेटा, कंट्रोलर आणि पंप असा पूर्ण संच शेतावर उभा राहतो, पाच वर्षे दुरुस्तीची हमी मिळते, आणि रात्रीच्या विजेची पाळी धरून अंधारात पाणी द्यायला जाणे बंद होते. ज्याने पौषातल्या थंडीत पहाटे तीन वाजता मोटर सुरू करायला शेत गाठले आहे, त्याला दिवसाच्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आक्षेप आहे तो क्षमता ठरवण्याच्या पद्धतीला. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर तीन अश्वशक्ती, अडीच ते पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्ती आणि पाच एकरांच्या वर साडेसात अश्वशक्ती, अशी पात्रता योजनेत ठरवून दिली आहे. म्हणजे पंप केवढा मिळणार हे सातबाऱ्यावरचे क्षेत्र सांगते. ज्या बोअरमध्ये तो पंप उतरणार, त्या बोअरमध्ये पाणी किती आणि किती खोल आहे, हा प्रश्न या कोष्टकात येतच नाही. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर पंप योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र भूजलाची पातळी, भिजवायचे क्षेत्र आणि पाण्याची गरज या तिन्ही गोष्टी पाहून पंपाचा आकार निवडावा, अशीच अपेक्षा आहे. त्या तिघांपैकी एकट्या क्षेत्राला हाताशी धरून आपल्याकडे काम चालले आहे, आणि तेही भिजणारे क्षेत्र नव्हे, तर कागदावरचे एकूण क्षेत्र. आमच्या भागात सहा एकर जमीन आणि त्यातली जेमतेम दोन एकर बागायत, असे खातेदार शिवारोशिवार सापडतील.

विहिरीला हे कोष्टक एक वेळ चालून जाईल. बोअरला चालत नाही, आणि का चालत नाही हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी एक मीटर वाढली की सुमारे पन्नास हजार लिटर पाणी साठते. विहीर रात्रभर पाझरून दोन मीटर चढली, तर सकाळी लाखभर लिटर पाणी तयार असते आणि मोठा पंप ते दिवसाच्या उन्हात खुशाल उपसू शकतो. साडेसहा इंची बोअरमध्ये एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभात मावते सुमारे एकवीस लिटर. तीस मीटर पाणी उभे असले तरी तो साठा सव्वासहाशे-साडेसहाशे लिटरांचा, म्हणजे दोनशे लिटरांची तीन पिंपे. रात्री कितीही पाझर असला तरी बोअर एकदा स्थिर पातळीपर्यंत भरली की पुढचे पाणी तिच्यात साठू शकत नाही. त्यामुळे सौर पंपाला बोअरमधून जे काही मिळायचे, ते दिवसाच्या सहा-साडेसहा तासांत खडकातून जेवढे पाणी बोअरमध्ये येईल तेवढेच. विजेच्या पंपावर आठ-दहा तास थोडे थोडे पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला सौर पंपावर आल्यावर पाणी कमी का वाटते, याचे मोठे कारण हे आहे. दर वेळी दोष प्लेटांचा नसतो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी वाळूसारखे सर्वत्र पसरलेले नसते. ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खाली भेगांमध्ये, दोन लाव्हा थरांच्या सांध्यांमध्ये असते. बोअरला ज्या भेगा लागल्या, त्यांतून येईल तेवढाच झरा. पाण्याची पातळी त्या भेगेच्या खाली गेली आणि झरा उघडा पडला, की पंप कितीही ताकदीचा असला तरी आवक वाढत नाही. म्हणून बोअरची क्षमता ही बोअरची स्वतःची असते, आणि ती शेजारच्या बोअरवरूनही सांगता येत नाही. बांधाच्या अलीकडे दोन इंच पाणी आणि पलीकडे फुफाटा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर उसळलेले पाणी बघून गाडीवाला जे ‘दीड इंच’, ‘दोन इंच’ सांगतो, तो त्या दिवसाचा डोळ्यांचा अंदाज असतो. तो बहुधा पावसाळ्यानंतरचा किंवा बोअरच्या पहिल्या उत्साहातला असतो. त्यावर लाखांचा संच ठरवू नये.

मोजणी अवघड नाही. शेतात असलेल्या मोटरने किंवा भाड्याने आणलेल्या जनरेटरवर बोअर किमान तीन-चार तास सलग चालवावी. व्हॉल्व्ह थोडा थोडा दाबत असा ठेवावा की पाण्याची पातळी एका ठिकाणी टिकून राहील आणि मोटर हवा ओढणार नाही. मग दोनशे लिटरचे पिंप नळीखाली धरून मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजावा. पिंप दोनशे सेकंदांत भरले, तर बोअर सेकंदाला एक लिटर, म्हणजे तासाला तीन हजार सहाशे लिटर देते. दुसरा आकडा पाण्याच्या खोलीचा. केसिंग आणि पाइप यांच्यामधल्या जागेतून वजन बांधलेली दोरी हळूहळू सोडायची, आणि वजन पाण्याला टेकल्यावर दोरीचा ताण सैल होतो तिथे गाठ मारायची. मोटर सुरू करण्यापूर्वी एक गाठ, चार तास चालल्यावर दुसरी गाठ. पहिली स्थिर पातळी आणि दुसरी उपशाची पातळी. पंप निवडताना कामाला येते ती दुसरी. केबलमध्ये दोरी अडकू नये म्हणून हे काम माहीतगाराने करावे, एवढीच काळजी.

ही मोजणी कधी केली, यालाही तितकेच महत्त्व आहे. आमच्याकडे मोसंबीचा आंबे बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि पाण्याची खरी ओढ एप्रिल-मे महिन्यांत लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या किती बागा वाळून तोडाव्या लागल्या, ते अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. दिवाळीच्या आसपास जॉइंट सर्व्हे, म्हणजे पंप बसवण्यापूर्वीची जागेवरची संयुक्त पाहणी, झाला तर बोअरमध्ये पाणी पन्नास-साठ फुटांवर दिसते आणि सगळे समाधानाने सह्या करतात. तीच बोअर मे महिन्यात पाहिली, तर चित्र वेगळे असते. पंप मेच्या पाण्यासाठी हवा असेल, तर आकडाही मेचाच घ्यायला पाहिजे.

आता हेड. पंपाच्या पाटीवर अश्वशक्तीच्या शेजारी हेडचा आकडा असतो आणि बोअरच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा आहे, तरी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हेड म्हणजे बोअरची खोली नव्हे. उपशाच्या पातळीपासून पाणी जिथे पडणार तिथपर्यंतची उभी उंची, अधिक पाइपातल्या घर्षणाने होणारी तूट, अधिक ठिबक किंवा तुषार संचाला लागणारा दाब, अशी ही बेरीज आहे. बोअर तीनशे फूट आणि पाणी शंभर फुटांवर असेल, तर हेड शंभर फुटांवरून मोजायचे. शिवाय शेतकरी फुटांत बोलतो आणि पाटीवरचे हेड मीटरमध्ये असते. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित जास्त, हे त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवे. घर्षणाची तूट लहान पाइपात फार वाढते. तासाला सात हजार लिटर पाणी आतून पन्नास मिलिमीटर असलेल्या पाइपातून नेले तर शंभर मीटर लांबीला सुमारे अडीच मीटर हेड खर्ची पडते. तेच पाणी चाळीस मिलिमीटरच्या पाइपातून नेले तर सात मीटरांहून अधिक. बोअर एका टोकाला आणि बाग चारशे मीटर दूर दुसऱ्या टोकाला असेल, तर पाइपात वाचवलेले पैसे पंप आणि प्लेटांमध्ये भरावे लागतात. ठिबकचे तसेच. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर हेड, आणि फिल्टरसकट ठिबक संचाला दीड किलोच्या आसपास दाब लागतो. पंपावर थेट ठिबक चालवायचे असेल तर हे पंधरा मीटर आधीच हिशेबात धरावे लागतात.

एक उदाहरण पूर्ण मांडतो, कारण आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही. दोन एकर मोसंबी, सहा बाय सहा मीटरची लागवड, एकरी एकशे दहा झाडे, म्हणजे दोनशे वीस झाडे. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला एकशे वीस लिटर धरले तर गरज होते सव्वीस हजार चारशे लिटरांची. बोअरची मेमधली आवक वर सांगितल्याप्रमाणे तासाला तीन हजार सहाशे लिटर. उन्हाचे कामाचे सहा तास धरले, तर दिवसाला एकवीस हजार सहाशे लिटर. म्हणजे बोअरच गरजेपेक्षा जवळजवळ पाच हजार लिटरांनी कमी पडते, आणि ही तूट कोणत्याही अश्वशक्तीने भरून निघणारी नाही. ती भरायची असेल तर आच्छादन, पाण्याचे काटेकोर नियोजन, किंवा हिवाळ्यात बोअरला पाणी असताना भरून ठेवलेले अस्तरीकरणाचे शेततळे हेच मार्ग. आता या एकवीस हजार सहाशे लिटरांसाठी संच केवढा हवा ते पाहू. उपशाची पातळी पंचावन्न मीटर, जमिनीचा चढ आणि टाकीची उंची मिळून सहा मीटर, घर्षण चार मीटर, एकूण हेड पासष्ट मीटर. एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर चढवायला एक युनिट ऊर्जा लागते, हे भौतिकशास्त्राचे पक्के गणित आहे. २१.६ ला ६५ ने गुणून ३६७ ने भागले की येतात ३.८३ युनिट. पंप आणि मोटर मिळून साधारण चाळीस टक्के कार्यक्षमता धरली तर मोटरला साडेनऊ युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज लागेल. आपल्याकडे स्वच्छ हवेच्या दिवशी भर उन्हाचे साडेपाच तास धरावेत, उष्णता, धूळ आणि तारांमधली तूट वीस टक्के वजा करावी. म्हणजे एक किलोवॅट प्लेटांमधून दिवसाला ४.४ युनिट मिळतात. हिशेब येतो सुमारे २.२ किलोवॅटचा. तीन अश्वशक्तीच्या संचाला तीन किलोवॅटच्या आसपास प्लेटा असतात. म्हणजे तो संच या बोअरला पुरून उरतो, ढगाळ दिवसासाठी थोडी क्षमता शिल्लकही राहते.

पण या शेतकऱ्याच्या नावावर सहा एकर असतील तर कोष्टक त्याला साडेसात अश्वशक्तीसाठी पात्र ठरवते. तो पंप आणि त्याच्या पावणेसात किलोवॅट प्लेटा याच बोअरवर बसवल्या तर काय होईल? भर दुपारी तो पंप पासष्ट मीटर हेडला तासाला बारा हजार लिटरांच्या आसपास पाणी ओढेल. बोअरची आवक तीन हजार सहाशे. बोअरमध्ये उभे असलेले सहाशे तीस लिटर चार-पाच मिनिटांत संपतील, पंप उघडा पडेल आणि कंट्रोलर ड्राय रनची, म्हणजे पंप कोरडा चालत असल्याची, सूचना देऊन मोटर बंद करील. पुन्हा सुरू होण्याची वेळ अर्धा तास ठेवलेली असेल, तर सहा तासांत असे दहा फेरे होतील आणि प्रत्येक फेऱ्याला सुमारे नऊशे लिटर पाणी येईल. ढोबळमानाने दिवसाची बेरीज साडेनऊ हजार लिटरांच्या आत. अडीच पट मोठा संच, आणि पाणी निम्म्याहून कमी! अर्ध्या तासाची वेळ कमी केली तर पाणी थोडे वाढेल, पण मोटरचे दिवसातले चालू-बंद होणे त्या प्रमाणात वाढेल, बेअरिंग लवकर झिजेल आणि पातळी सतत खाली-वर झाल्याने भेगांमधला गाळ पंपात येईल.

हे मी कागदावरचे सांगत नाही. आमच्या शिवारात एका बोअरवर हा प्रकार रोज पाहायला मिळतो. साडेदहाच्या सुमाराला नळीतून जोरकस धार पडू लागते, बघणाऱ्याला कौतुक वाटावे अशी. थोड्या वेळात धार फुटते, पाण्यात हवा मिसळून दुधासारखी पांढरी होते, नळी थरथरते आणि सगळे शांत होते. कंट्रोलरवर लाल दिवा. समोर चकचकीत प्लेटांवर लख्ख ऊन पडलेले असते आणि त्याचा उपयोग शून्य. त्या कुटुंबाने तीन अश्वशक्तीसाठी भरावा लागला असता त्याहून अधिक हिस्सा या संचासाठी भरला आहे. ज्यांच्याकडे असा मोठा पंप आधीच बसला आहे, त्यांनी निदान डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबून पंपाचा डिस्चार्ज, म्हणजे पंपातून बाहेर पडणारे पाणी, बोअरच्या आवकीइतका आणावा. त्याने दिवसभर पाणी चालते आणि मोटरचे आयुष्यही वाढते.

याच्या उलटही घडते. कमी जमीन आणि खोल पाणी. दोन एकरांच्या खातेदाराला तीन अश्वशक्ती मिळते, पण तीन अश्वशक्तीचा पंप तीस मीटर हेडचा असतो, पन्नासचा असतो, सत्तरचा असतो आणि शंभरचाही असतो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आत किती स्टेज, म्हणजे एकावर एक बसवलेले पाणी ढकलणारे पंखे, आहेत यावर ते किती उंचीला पाणी देतील हे ठरते. सौर पंपात तर आणखी एक बारकावा आहे. ऊन कमी झाले की कंट्रोलर मोटरचे फेरे कमी करतो. फेरे ऐंशी टक्क्यांवर आले की हेड ऐंशी नव्हे, चौसष्ट टक्के होते, आणि लागणारी शक्ती निम्म्यावर येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, पूर्ण फेऱ्यांवर ज्याचे जास्तीत जास्त हेड शंभर मीटर आहे तो पंप, ऊन निम्मे असताना चौसष्ट मीटरपर्यंतच पाणी उचलतो. पाणी पासष्ट मीटरवर असेल तर प्लेटा निम्मी वीज देत असूनही नळीत थेंब येत नाही; मोटर फक्त फिरत राहते. असा पंप सकाळी अकराला पाणी देऊ लागतो आणि दोन-अडीचला थांबतो. शेतकरी म्हणतो प्लेटा बोगस आहेत. पुरवठादार म्हणतो बोअरला पाणी नाही. आणि खरा दोष हेडच्या निवडीत असतो. म्हणून हेड काढताना उन्हाळ्यातल्या उपशाच्या पातळीवर पुरेसे जादा हेड धरून पंप निवडला पाहिजे, आणि तो निर्णय गोदामात कोणता पंप शिल्लक आहे यावर होता कामा नये.

प्लेटांबद्दल थोडक्यात. त्यांच्यावर लिहिलेले वॅट पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले असतात. मेमध्ये मराठवाड्यात प्लेट स्वतः साठ अंशांच्या पुढे तापते, आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे नेमकी पाण्याची गरज सर्वाधिक असताना बारा-चौदा टक्के तूट ठरलेली. धूळ आठवड्याला एकदा पहाटे, काच थंड असताना धुवावी. निंबाच्या झाडाची सावली एकाच प्लेटच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या प्लेटांचे उत्पादन खाली येते. जागा निवडताना दुपारी चारची सावली पाहावी, सकाळी दहाची नव्हे.

आणखी एक बाजू आहे, आणि ती मला पाण्याच्या तुटीइतकीच गंभीर वाटते. डिझेलला पैसे लागतात, विजेला पाळीची मर्यादा असते. उन्हाला दोन्ही नाही. ज्या ठिकाणी बोअरला भरपूर पाणी आहे तिथे गरजेपेक्षा मोठा सौर पंप दिवसभर, वर्षभर, फुकट उपसा करू शकतो. त्याच्या आजूबाजूच्या लहान शेतकऱ्यांच्या विहिरी आधी कोरड्या पडतात. पाण्याच्या गरजेपेक्षा मोठा पंप अनुदानातून देणे म्हणजे सरकारच्याच पैशाने भूजल खाली नेणे होय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींमधून पातळ्यांची नियमित नोंद ठेवते, आणि मे महिन्याची नोंदही त्यात असते. दुसरीकडे योजनेतल्या सौर पंपांच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असलेली दूरस्थ देखरेख यंत्रणा असते, जी पंप किती तास चालला, किती वीज घेतली आणि कोणत्या कारणाने बंद पडला हे कळवत असते. कोणत्या गावात कोणत्या महिन्यात किती पंप ड्राय रनने बंद पडले, ही माहिती या दोन यंत्रणांनी एकत्र पाहिली, तर पुढचे पंप मंजूर करताना गावातल्या खडकाचा अंदाज आधीच हाताशी असेल. एवढी नोंद आपोआप तयार होत असताना ती केवळ पंप चालू की बंद हे पाहण्यापुरती वापरणे योग्य नाही.

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. बोअरवरच्या प्रत्येक अर्जाच्या जॉइंट सर्व्हेत तासाची आवक आणि उपशाची पातळी, हे दोन आकडे मोजून, तारखेसह, शेतकऱ्याच्या सहीने नोंदवावेत. पावसाळ्यानंतर मोजणी झाली असेल तर त्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरीतला ऑक्टोबर आणि मे यांच्या पातळ्यांमधला फरक त्यात मिळवावा. मंजुरीच्या कागदावर अश्वशक्तीबरोबर पंपाचे हेड मीटरमध्ये आणि त्या हेडला दिवसाला अपेक्षित लिटर लिहावेत. उभारणीनंतर पुरवठादाराचे शेवटचे देयक देण्यापूर्वी स्वच्छ उन्हाच्या दिवशी तेवढे पाणी पडते का, हे पिंप लावून पाहावे. पात्रतेपेक्षा कमी अश्वशक्तीचा पंप मागण्याची मुभा योजनेत आज आहे, पण ती किती जणांना ठाऊक आहे? ती अर्जाच्या वेळीच सांगितली जावी, आणि जो शेतकरी बोअर पाहून साडेसातऐवजी तीन अश्वशक्ती घेईल, त्याला वाचलेल्या अनुदानातला काही भाग साठवण टाकीसाठी मिळावा. मघाच्या उदाहरणात वीस-पंचवीस हजार लिटरांची टाकी असती तर दिवसभर कमी दाबाने आलेले पाणी टाकीत साठवून ठिबकला एकसारखे देता आले असते. ऊन-सावलीबरोबर दाब खाली-वर होऊन बागेच्या टोकाच्या झाडांना पाणी कमी पडण्याचा प्रश्नही मिटला असता. आणि जिथे पाणी खरोखर शंभर मीटरच्या खाली आहे, पण आवक चांगली आहे, तिथे अडीच एकरांच्या खातेदारालाही आवश्यक तेवढ्या हेडचा आणि लागल्यास मोठ्या क्षमतेचा संच नाकारला जाऊ नये.

शेतकरी बांधवांनाही एक विनंती आहे. ‘मिळतोय तर मोठाच घ्या’ या सल्ल्याला बळी पडू नका. पुरवठादार निवडण्याचा अधिकार योजनेने तुम्हाला दिला आहे. त्याला पहिला प्रश्न अश्वशक्तीचा किंवा कंपनीच्या नावाचा न विचारता, माझ्या बोअरच्या पातळीला तुमचा पंप सकाळी नऊ वाजता आणि दुपारी चार वाजता किती पाणी देईल, असा विचारा, आणि त्या पंपाचा हेड-डिस्चार्जचा तक्ता मागून घ्या. तक्ता दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याला बाजूला ठेवा.

महावितरणच्या संबंधित अधिकाऱ्यांनी बोअरसाठी क्षमता ठरवण्याचा वेगळा निकष करण्याचा विचार चालू आहे का, आणि येत्या उन्हाळ्यातल्या सर्वेक्षणांत आवक व पातळी मोजण्याची सूचना उपविभागीय कार्यालयांना दिली जाणार आहे का, याचा खुलासा आपल्या दैनिकातून करावा, ही विनंती. मंजुरीच्या प्रतीक्षेतले अनेक अर्जदार आमच्या गावातच आहेत, आणि त्यांच्या बोअर मोजायला गुढीपाडवा ते मृग हाच योग्य काळ आहे.

आपला विश्वासू,
एक मोसंबी बागायतदार
ता. अंबड, जि. जालना